खुंटीवरची हेल्मेटं

मार्गनियंत्रण केंद्राच्या काचेच्या दालनात चपला काढून यायचा नियम होता. गयाबाई ढमाले चपलांसकट आत शिरल्या आणि भिंतभर पसरलेल्या नकाशासमोर उभ्या राहिल्या. नकाशावर निळे ठिपके सरकत होते ते विनाचालक ट्रक, पिवळे ती माणसं.

"माझा पोरगा निवृत्ती तुमच्या ट्रकला दिसला नाही," त्या म्हणाल्या. "पाय मोडून दवाखान्यात पडलाय. हेल्मेट होतं म्हणून डोकं तरी वाचलं. तुमचं डोकं कुठं होतं ते विचारायला आलेय."

केंद्राचे प्रमुख डॉ. दाभोळे यांनी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"बाई, तुमच्या गावाला लागून चिंचखिंडीचं वळण आहे. तिथं डोंगर आडवा येतो, ट्रकला पलीकडचं दिसत नाही. म्हणून प्रत्येक हेल्मेटमध्ये आम्ही उपस्थितीकण बसवला. 'इथं माणूस आहे' असं तो लांबूनच ट्रकला कळवतो, आणि ट्रक वळणाआधीच वेग कमी करतो. पिंपळदऱ्यात घरोघरी हेल्मेटं वाटली ती त्यासाठीच."

"मग निवृत्तीचं का नाही कळवलं?"

"कळवलं होतं," बाजूच्या टेबलावरून मेहरुन्निसा काझी म्हणाली. ट्रकांचा शिकता मेंदू तिच्या देखरेखीखाली होता. "ट्रकला ते पोचलंही. त्यानं मनावर घेतलं नाही."

"माजलाय का तो?"

"शिकलाय. सुरुवातीला तुमच्या गावच्या प्रत्येक हेल्मेटसाठी तो वेग कमी करायचा. दरवेळी वळून बघतो तर रस्ता रिकामा. तुमची हेल्मेटं तीन वर्षांत जागची हललीच नाहीत. जे कधीच हलत नाही ते माणूस नव्हे, असं त्यानं ठरवून टाकलं. बाई, कुठं असतात हो ती हेल्मेटं?"

उत्तर गयाबाईंना पाठ होतं. घराघरांत ती खुंटीला टांगलेली होती. एकात लसूण भरलेला, एकात कोंबडी अंडी घालायची. पंपावर हेल्मेटशिवाय पेट्रोल मिळत नाही, म्हणून शहाण्यांनी पंपाच्या खांबाला एक जुनं हेल्मेट साखळीनं बांधून ठेवलं होतं. आलेल्यानं ते डोक्यात घालायचं, टाकी भरायची आणि मागच्याच्या डोक्यावर ठेवून निघायचं. साऱ्या गावाच्या उवा एक झाल्या, पण खुंटीवरचं खाली येईना. कुणाचे केस बसत होते, कुणाची मान अवघडत होती, आणि प्रत्येकाला नुसतं पलीकडेच तर जायचं होतं.

"हरामखोर," त्या म्हणाल्या. ही शिवी ट्रकला नव्हती. "निवृत्तीनं त्या दिवशी पहिल्यांदाच घातलं. सासुरवाडीत मिरवायला."

"आणि ट्रकला वाटलं, खुंटीच आहे," काझी हळूच म्हणाली.

"मग पुसून टाक की ते त्याच्या डोक्यातनं. हात आहेत ना तुला, पोरी?"

"असं पुसता येत नाही. तो बघूनच शिकतो. माणसं रोज हेल्मेट घालून फिरली तर महिन्या-दोन महिन्यांत सुधारेल. तोवर पिंपळदऱ्याचं कुठलंही हेल्मेट त्याच्या लेखी खुंटीवरचंच."

"कुठलंही?"

"कुठलंही."

गयाबाईंनी नकाशाकडे पाहिलं. वळणावर एकही पिवळा ठिपका नव्हता. वरून घाटातून तीन निळे ठिपके उतरत होते.

"तुमचं यंत्र काय म्हणतंय? तिथं कुणी नाही?"

"रस्ता मोकळा आहे, बाई," दाभोळे म्हणाले.

"मोकळा कसला? अख्खं गाव आहे तिथं." गयाबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मोटारसायकलींचा मोर्चा काढलाय मी. तुमच्याच दारात यायला. हेल्मेट घालूनही माणसं मरायचीत का, हे विचारायला. घराघरांत शिरून मी स्वतः खुंट्या रिकाम्या केल्या. उघड्या डोक्याचा एक जण नाही त्यात. सगळ्यात पुढं सरू आहे, निवृत्तीची बायको."

काझीनं ट्रक थांबवायची कळ दाबली होती. निळे ठिपके सरकतच राहिले.

"भरलेले ट्रक आहेत, उतार आहे, वळणाआधी थांबणार नाहीत," ती म्हणाली. "सगळ्यांना रस्त्यावरून खाली उतरवा. आत्ता. फोन लावा."

गयाबाईंनी सुनेला फोन लावला. घंटी वाजत राहिली. मग सरपंचाला लावला, मग शेजारच्या भिकाजीला. तिघांचीही घंटी वाजत होती, उचलत कुणीच नव्हतं.

"उचलत का नाहीत?" दाभोळ्यांनी विचारलं.

"सकाळी चौकात उभं करून दम भरलाय मी," गयाबाई म्हणाल्या. फोन त्यांनी कानाशी तसाच दाबून धरला होता. "गाडीवर बसून फोन उचलील त्याचा हात मोडीन म्हणून. जन्मात एक नियम न पाळलेलं गाव, साहेब. आज सगळे नियम पाळतंय."