गुंतवळाची उशी

सोमवारी आमचं पार्लर बंद असतं, म्हणून मी धाकटीला सोमवारीच बोलावलं होतं. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिचं लग्न झालं, तिशी उलटली, तरी माझ्या तोंडून धाकटीच निघतं. सासरी तिला रेडिओ म्हणतात, कारण सकाळी सुरू झाली की झोपेपर्यंत तिचं तोंड बंद होत नाही. मला त्या दिवशी तिच्या तोंडाशी कर्तव्य नव्हतं, डोकं हवं होतं.

एका नाटक कंपनीचं काम माझ्याकडे आलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या श्रीमंत घराची गोष्ट. नायिकेची केशरचना दिग्दर्शकाला एका जुन्या फोटोवरून करून हवी होती. हुबेहूब नको, पण बघणाऱ्याला त्या काळातली वाटली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. फोटोतली बाई ताठ बसलेली, केस कपाळावरून उंच उचलून मागे नेलेले, कानांवर गुंडाळलेल्या दोन बटा. फोटो समोरून काढलेला, त्यामुळे मागे काय होतं ते देवच जाणे. त्यात नायिकेचं काम करणाऱ्या मुलीचे केस इतके तलम की आकडा एका बाजूनं खोवावा आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं घरंगळावं. धाकटीचेही अगदी तसेच. आई तिच्या वेणीला उंदराची शेपूट म्हणायची. म्हणून सराव तिच्यावर.

असे केस उंच उभे करायचे तर आत भर लागते. जुन्या बायका विंचरताना निघालेला गुंतवळ फेकत नसत, डब्यात साठवून त्याची उशी करत आणि ती केसांच्या आत बसवत. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या बाई बजावायच्या की उशी ज्याची त्याच्याच केसांची हवी, दुसऱ्याचा गुंतवळ डोक्यात घालू नये. मला वाटायचं, त्या स्वच्छतेबद्दल बोलतात. धाकटीचा गुंतवळ साठवत बसले असते तर महिने गेले असते, आणि दिग्दर्शकाला नमुना त्याच आठवड्यात बघायचा होता. नाटक कंपनीच्या कपडेपटातल्या काकांनी एका पेटीच्या तळातून तयार उशी काढून दिली. मुठीएवढी, बारीक जाळीत बांधलेली. मी ती शाम्पूनं दोनदा धुतली आणि गच्चीत कडक उन्हात वाळवली. माझं काम चोख असतं.

धाकटी आली ती सासूच्या वॉशिंग मशीनची कहाणी सांगतच. मी तिच्या केसांना पावडर लावली, मुळांशी उलटा कंगवा मारला, टाळूवर उशी ठेवली. रंग जुळला. इतका जुळला की तिचे केस कुठं संपतात आणि उशी कुठं सुरू होते, ते मला जवळूनही दिसेना. मी खूश झाले. आयतं मिळालं की माणूस चौकशी करत नाही.

मग आकडा खोवला आणि तो टिकला. धाकटीच्या केसात आकडा टिकला, हे आईला फोन करून कळवण्यासारखं होतं. मी तसं म्हटलंसुद्धा. एरवी तिनं माझ्यावर दोन विनोद केले असते. वॉशिंग मशीनची गोष्टही अर्ध्यावर राहिली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. खुर्चीत पाय दुमडून बसणारी माझी बहीण दोन्ही पावलं जुळवून, पाठ न टेकता बसली होती. छताचा पंखा कुरकुरतो, हे त्या पार्लरमध्ये मला पहिल्यांदा ऐकू आलं.

मी मागच्या बाजूला आले. तिथं सगळा अंदाजपंचे कारभार होता. उजवी बट घेऊ की डावी, असा विचार करत मी उभी होते.

"बाई, खालची बट आधी घ्या," धाकटी म्हणाली.

मला हसू आलं. वाटलं, नाटकाचं काम म्हणून ही पण नाटक करतेय. मी "जशी आज्ञा" म्हणून खालची बट घेतली, पीळ देऊन वर नेली, आणि बाकीचे केस त्या पिळाभोवती असे बसले की मला फार काही करावंच लागलं नाही. मागे छोटा आरसा धरून दाखवला. नव्या केशरचनेकडे बघताना बायका मान इकडेतिकडे करतात, हात लावून बघतात. तिनं एकदाच पाहिलं, घरातली खोली झाडून झाली का ते बघावं तसं.

मी विचारलं, तुला गं कसं माहीत?

"रोज असेच बांधतात," ती म्हणाली.

मी फोटो काढले. मग आकडे काढायला घेतले. ते सहज निघाले. उशी काढायला बोटं आत घातली.

उशी नव्हती. जाळी हाताला लागली. रिकामी.

मी खुर्चीखाली पाहिलं, धाकटीच्या अंगावरच्या कापडाच्या घड्यांत पाहिलं. मग कंगव्याच्या टोकानं भांग पाडून तिच्या डोक्याची त्वचा पाहिली. तिथं दोन तऱ्हेचे केस होते. एक माझ्या बहिणीचे, तलम. आणि त्यांच्या मधून मधून दुसरे, रंग तोच पण जाड, राठ, बोटांना कोमट लागणारे. चिकटलेले नव्हते. उगवलेले होते.

मी एक जाड केस ओढला. तो मुळासकट आला.

"ताई," धाकटी म्हणाली. तिचाच आवाज, पण तोंडावर जाड पांघरूण असावं तसा. "ताई, ओढ अजून."

मी ओढले. वेड्यासारखे ओढले.

तिनं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"पुरे, बाई," ती म्हणाली.

त्यानंतर मी माझ्या बहिणीचा आवाज ऐकलेला नाही. मी तिला केसांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मुळं उत्तम आहेत, माझ्या बाकीच्या पेशंटना अशी मिळाली तर मी दवाखाना बंद करीन. तिच्या नवऱ्यानं मला विचारलं की कुठलं तेल दिलंस, आणि वर म्हणाला, घरात आता कशी शांतता आहे. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आई म्हणाली, वयानं पोरी गंभीर होतात, बरंच झालं. माझी बहीण चारचौघांत उभी होती आणि ती नाही हे एकालाही दिसत नव्हतं.

ती दर सोमवारी येते. ताठ बसते, मला बाई म्हणते, विंचरून घेते. कंगव्यात केस येतात ते फक्त तलम. जाड एकही येत नाही. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी आत जाऊन नळ सोडून रडले. धाकटी त्या डोक्यातून थोडी थोडी गळत होती आणि मीच तिला विंचरून काढत होते. पण नाही विंचरलं तर दुसरं कुणीतरी विंचरणार, आणि तो गुंतवळ खिडकीबाहेर जाणार.

मी एक केसही फेकला नाही. गेल्या सोमवारी भांगाजवळ तिचे जे शेवटचे काही होते तेही कंगव्यात आले. रात्री मी साठवलेल्या सगळ्या केसांची उशी केली, त्याच जाळीत बांधली. बांधताना ती हाताला कोमट लागली. मी ती आधी माझ्याच डोक्यात बसवून पाहिली, हे देवाशपथ खरं. माझे केस जाड आणि कुरळे. उशी गार पडली आणि घसरून मांडीवर आली. मी तीनतीनदा बसवून पाहिली. तिला तलम केसच लागतात.

मी व्यवहारी बाई आहे. जे ज्या वाटेनं गेलं ते त्याच वाटेनं परत आणायचं, यापलीकडे मला काही कळत नाही.

आज सकाळी नाटकाची नायिका आली. दिग्दर्शकाला फोटो तेव्हाच पसंत पडले होते, पण नाटक काही महिने लांबलं; आता तिच्यावर करून बघायचं होतं. गुणी मुलगी आहे. आईवडिलांची एकुलती एक. येताना माझ्यासाठी फुलं घेऊन आली. मी तिच्या अंगावर कापड पांघरलं, पावडर लावली, मुळांशी उलटा कंगवा मारला. तिनं उशी हातात घेऊन गालाला लावली आणि म्हणाली, किती मऊ आहे, कुणाचे केस हे?

मी सांगितलं, माझ्या धाकट्या बहिणीचे.

"मग आता त्या कुठं असतात?" तिनं आरशातून माझ्याकडे बघत विचारलं.

"मान सरळ ठेव," मी म्हटलं.

तिनं लगेच ठेवली.