चोचीला चोच

ओला ठसा धुवायला ती नळाकडे धावत सुटली होती, आणि तो दारातून आत येत होता. दोघांचंही लक्ष भलतीकडे. व्हायचं तेच झालं. धडक बसली, ठसा त्याच्या छातीवर टेकला आणि पांढऱ्या शर्टाच्या उजव्या बाजूला एक निळा पक्षी ऐटीत उमटला.

"अगंबाई!"

त्याने मान वाकवून पाहिलं. "छान आलाय की! शेपटी तेवढी पुसट आहे."

"धक्का कमी पडला."

"मग पुन्हा द्या..."

हसू दाबत ती जी पळाली, ती नळ सुरू करायचाच विसरली.

कापडछपाईचा तो कारखाना तिच्या आत्याचा. हा नवा चित्रकार तिथे महिनाभर पारखून घेण्यापुरता आला होता. कागद नाही, पेन्सिल नाही. टॅबलेटवर चित्रं काढायचा. आत्या त्या टॅबलेटला पाटी म्हणायची आणि त्याला पाटीवाला. भाची लाकडावर ठसे कोरायची. तिच्या बोटांना कायम रंग, केसांत लाकडाचा भुसा.

एका नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं होतं. जुन्या ठशातल्या निळ्या पक्ष्याला जोडीदारीण हवी होती, तीही अगदी चोचीला चोच लावून. आत्याने पाटीवाल्याला रोखठोक सांगितलं, "पडदा जमला तर राहा. नाही तर पाटी उचल आणि वाट धर."

ते ऐकताना भाचीच्या हातातली छिन्नी घसरली. का घसरली, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पाटीवरचं चित्र कागदावर छापून घेऊन तिच्या बाकाशी येऊन बसला.

"लाकडावर सगळं उलटं कोरायचं?"

"उलटं कोरलं की कापडावर सुलटं येतं."

"बोलताना पण तसंच करता का?"

"म्हणजे?"

"सकाळी म्हणालात, इथे बसू नका, कामात लक्ष लागत नाही. ते मी उलटं करून वाचलं... आणि बसलो."

तिने बाकावरचा भुसा झटकून थोडी जागा केली.

जोडीदारीण कोरून झाली. दोन्ही ठसे हाती घेऊन आत्याने पडद्याचा डावा भाग एका दमात छापून काढला, मग कंबरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"अगं, हे गुजगोष्टी करायला बसलेत की तिकिटाच्या रांगेत उभे आहेत?"

सगळे पक्षी उजवीकडे तोंड करून उभे! तो तिच्या पाठीकडे बघतोय, ती पुढच्याच्या.

भाचीचा चेहरा उतरला. "कागद उलटा ठेवूनच गिरवलं होतं मी, नेहमीसारखं."

पाटीवाल्याने कपाळावर हात मारला. "मी चित्र आधीच उलटं करून दिलं होतं... म्हटलं, तुमचा त्रास वाचेल."

उलट्याचं उलटं झालं होतं. म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ!

"आत्या, चूक माझी," ती म्हणाली.

"नाही हो, माझी."

"आधी कोणाची ते ठरवा," आत्या म्हणाली, "मग मी ओरडते."

आत्या आत गेली. तो मुकाट्याने पाटी पिशवीत भरू लागला.

"कोरताना तुमच्या लक्षात कसं नाही आलं?" त्याने हळूच विचारलं.

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

तिचे कान लाल झाले. "ती पाटी काढा बाहेर आधी! या कापडाचा फोटो घ्या. आता शेजारी तोच फोटो ठेवा... उलटा करून."

त्याने बोट फिरवलं. पक्ष्यांची दुसरी रांग पहिलीच्या समोर येऊन ठेपली. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"पडदा दोन भागांचा आहे..." तो म्हणाला.

"आणि मिटला की..." तिने वाक्य अर्धवट सोडलं.

उजव्या भागासाठी तिने दोन्ही ठसे नव्याने कोरले. तो लाकूड घट्ट धरून बसायचा. या खेपेला कागदावर त्याने ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं— 'मी उलटं केलेलं नाही. शपथ!'

नाट्यगृहात आत्याने स्वतः दोरी ओढली. दोन्हीकडून पक्ष्यांच्या रांगा सरकत आल्या आणि मधोमध चोचीला चोच अलगद टेकली. आत्याने दोरी बांधून टाकली. मग म्हणाली, "पाटीवाल्या, पाटी कारखान्यातच राहू दे. तुझ्यासकट."

संध्याकाळी तो तिच्या बाकाशी आला. अंगात तोच शर्ट. पक्षी धुऊन फिकटला होता, पण गेला नव्हता.

"एक काम राहिलंय," तो म्हणाला. "हा बिचारा पहिल्या दिवसापासून एकटाच बघत बसलाय."

"कोणाकडे?"

"तू सांग."

ते 'तू' ऐकून ती थबकली. मग जोडीदारणीचा नवा ठसा तिने रंगात बुडवला, त्याच्या डाव्या छातीवर ठेवला आणि तळहाताने दाबून धरला. हाताखाली धडधड लागत होती.

"उचल आता," तो पुटपुटला. "उमटला असेल."

"थांब," ती म्हणाली. "मागच्या वेळी शेपटी पुसट आली होती."