आई रागावली, उजवीकडे

"काढ ते टायर!" बाबा खिडकीतूनच ओरडले, आणि ताईच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला.

सकाळपासून हेच चाललं होतं! उजाडताना लख्ख ऊन होतं म्हणून तिने गाडीला साधे टायर चढवले. चहा होईपर्यंत आभाळ भरून आलं, तेव्हा धाकट्याने मोबाइल नाचवत जाहीर केलं की उद्या गाड्यांच्या रॅलीला धो धो पाऊस, चिखलाचेच हवेत. तिने मुकाट्याने साधे उतरवून ते खोल खाचांचे जडशीळ टायर चढवले. आणि आता बाबांचा गुडघा दुखायचा थांबला होता, म्हणजे उद्या कोरडं! या घरात हवामान दोघांनाच कळायचं, बाबांच्या गुडघ्याला आणि धाकट्याच्या मोबाइलला. त्या दोघांचं आजवर एकदाही पटलेलं नव्हतं, आणि त्यांच्या भांडणात जॅक मारायचा तो मात्र ताईने...

"बाबा, अहो, शेवटचा नट आवळतेय मी!"

"मग सैल कर. आवळलेला नट सैल होतो, एवढं शिकवलंय मी तुला."

घरामागच्या गॅरेजची पत्र्याची शेड गळत होती म्हणून उरलेले टायर हॉलमध्ये सोफ्याला टेकवून ठेवले होते. खुर्चीवर हेल्मेटं, जेवणाच्या टेबलावर दोरखंड आणि फावडं, बाथरूमच्या दारात डिझेलचा डबा. आणि अशा या रणधुमाळीत धाकटा अंगणात शांतपणे, जिभेचं टोक बाहेर काढून, गाडीच्या दारावर आपल्या नावाचा स्टिकर चिकटवत होता. त्याआधी त्याने गाडीला शाम्पूने न्हाऊ घातलं होतं. उद्या गळ्यापर्यंत चिखलात लोळणार होती ती गाडी! ताईने कपाळावर हात मारला, तेव्हा हाताचं काळं ग्रीस कपाळाला लागलं ते वेगळंच.

विम्याच्या ऑफिसातला हा धाकटा गाडी चालवणार, त्याचा बँकेतला मित्र शेजारी बसून वळणं वाचणार, बाबा हुकूम सोडणार, आणि गाडीचं इंजिन, चाकं, ब्रेक सगळं तयार करणारी ताई... ती दोरीच्या अलीकडे उभी राहून बघणार. दर वर्षी हेच. एके काळी या गाडीचं स्टिअरिंग तिच्या हातात होतं, हे आता रॅली क्लबातल्या जुन्या मंडळींखेरीज कुणाच्या ध्यानातही नव्हतं. स्टिकरवर तर नव्हतंच.

दुपारी बँकवाला आला, आणि मागच्या उतारावर सराव झाला. पाऊस भुरभुरत होता, निसरडं झालं होतं, आणि बँकवाला मान खाली घालून कागदावरचे वळणांचे आकडे मोठ्याने वाचत होता. तिसऱ्या वळणाला त्याचा आवाज बारीक झाला. पाचव्याला गाडी थांबली, दार उघडलं, आणि तो खाली उतरून कुंपणाला धरून बराच वेळ वाकून उभा राहिला.

"मी बँकेत बरा आहे," तोंड पुसत तो म्हणाला. "तिथे टेबल हलत नाही."

आणि तो जो गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी रॅली, आणि गाडीत वाट वाचणारा नाही!

"मी वाचतो," बाबा म्हणाले. मोठ्या रुबाबात त्यांनी गाडीत पाय टाकला, आणि गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून आत बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्यात त्यांचा तो हवामानखात्याचा गुडघा असा अडकला की दोन्ही मुलांना दोन बाजूंनी ओढून त्यांना बाहेर काढावं लागलं. लंगडत, चरफडत ते ओट्यावर जाऊन बसले.

"ताई वाचेल," धाकटा हळूच म्हणाला.

"ती नाही!" बाबांचा आवाज चाबकासारखा आला. "तिने एकदा तुला झाडावर नेऊन घातलं, तेवढं पुरे झालं. गाडी तयार करायची असेल तर करू दे. आत बसायचं नाही."

ताई वळली, शेडमध्ये गेली आणि काहीच काम नसताना एका नटावर पाना लावून उभी राहिली. डोळे भरून येत होते, आणि त्या भरून येण्याचाही तिला राग येत होता!

काय होते ते दिवस... आई होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी चौघं याच गाडीतून भटकायला जात. पोरांना वळणं आधीच ओळखता यावीत म्हणून आईने वळणांना घरची नावं दिली होती. लांबलचक सरळ रस्ता आला की "बाबा घोरतात". अरुंद पूल म्हणजे "शेजारीण दारात". संपता संपत नाही असं वळण म्हणजे "आत्या बोलतेय", आणि अचानक गर्रकन उलटं फिरणारं वळण म्हणजे "आई रागावली"! हे शेवटचं नाव तिनेच सुचवलं होतं, आणि स्वतःच पोट धरून हसली होती. पुढे ताई रॅली चालवू लागली, धाकटा शेजारी बसून वाचू लागला, तेव्हाही कागदावर आकडे नसायचे. आत्या, शेजारीण आणि आईच असायची.

मग आई गेली. त्यानंतरच्या रॅलीत ताई गाडी भरधाव हाणत होती, धाकटा वाचत होता. "बाबा घोरतात... शेजारीण दारात..." आणि पुढे तो थांबला. ताईने वाट बघितली. एक क्षण, दुसरा क्षण... शब्द आलाच नाही! रस्ता अचानक उजवीकडे फिरला आणि गाडी सरळ जाऊन झाडावर आदळली. धाकट्याच्या खांद्याचं हाड मोडलं. कागद त्याच्या मुठीत तसाच होता, आणि त्या पोराचे ओठ थरथरत होते. घर सुनं झाल्यापासून तो शब्द त्याच्या तोंडून निघालाच नव्हता, हे तिला त्या क्षणी कळलं.

बाबा धावत आले होते. "काय झालं? कसं झालं?" आणि ताई बोलून गेली, "माझंच चुकलं. ब्रेक उशिरा मारला."

पोर आधीच आईविना पोरकं झालेलं, त्यात आयुष्यभराचा हा काटा कशाला? चार दिवस बाबा रागावतील, मग शांत होतील, असं तिला वाटलं होतं. पण बाबा रागावले नाहीत. त्यांनी नुसतं म्हटलं, "तिच्यामागे तू यालाही पाठवणार होतीस." आणि त्या दिवसापासून ते तिच्या शेजारी गाडीत कधी बसले नाहीत. दवाखान्यात जायला ते भर पावसात दोन बस बदलून जात, आणि दारात गाडी उभी असे... गाडीच्या किल्लीवर बोट फिरवत ताई खिडकीतून त्यांची पाठमोरी छत्री बघत राही. जिच्याकडे अख्खं गाव आपली गाडी विश्वासाने दुरुस्तीला आणून देई, तिच्या शेजारी तिचा जन्मदाता बसेना! याहून मोठी शिक्षा कोणती असते?

"ताई," शेडच्या दारात धाकटा उभा होता. "मी सांगतो बाबांना."

"काही सांगायचं नाही. जॅक धर."

"अगं, पण किती दिवस—"

"सरळ धर, वाकडा धरलायस! हे बघ, त्यांचं वय झालं. आज त्यांना कळलं तर बसमधून एकट्याने केलेल्या त्या सगळ्या चकरा ते कुठे नेऊन ठेवतील? मला सवय झालीय. त्यांना होणार नाही." तिने नाक ओढलं. "आणि उद्या चिखलाचेच टायर लागणार आहेत. गुडघा आणि मोबाइल दोन्ही चुलीत घाला, मी मातीत हात घालून बघितलंय."

धाकट्याने जॅक सरळ धरला.

सकाळी रॅलीच्या मैदानावर पोहोचेपर्यंत आभाळाने सगळे खेळ करून दाखवले. वाटेत पाऊस, फाटकाशी ऊन, गाडी लावताना पुन्हा पाऊस! हौशी मंडळींच्या गाड्या चिखलात रांगेने उभ्या होत्या. कुणी छत्रीखाली बॉनेट उघडून बसलेलं, कुणाचा बूट चिखलाने गिळलेला. वाट वाचायला क्लबातलं कुणीतरी मिळेल म्हणून धाकटा सगळीकडे विचारून रिकाम्या हाताने परत आला. आणि नेमकं तेव्हाच ढगांच्या फटीतून ऊन पडलं. बाबांनी आभाळाकडे बघितलं, गुडघ्यावर हात ठेवला, आणि...

"काढ ते टायर!"

ताईच्या मस्तकात काहीतरी तडकन तुटलं. तिने हातातला पाना सगळ्या ताकदीने चिखलात आपटला.

"नाही काढणार! ऐकलंत? नाही काढणार! काल सकाळपासून घालतेय आणि काढतेय, घालतेय आणि काढतेय! हाताची सालं निघाली माझ्या! तुमच्या गुडघ्याला विचारून, याच्या मोबाइलला विचारून... मला कुणी विचारलं का कधी?"

आजूबाजूच्या छत्र्या वळल्या.

"आवाज खाली," बाबा दातांत बोलले. "तुझ्या या उतावीळपणापायीच त्या दिवशी पोर—"

"तिचा उतावीळपणा नव्हता, बाबा!"

धाकटा ओरडला होता. त्याच्या हातातून हेल्मेट घरंगळलं.

"तिने ब्रेक उशिरा नाही मारला. मी वाचलंच नाही! समोर लिहिलं होतं... आई... आई रागावली... आणि माझी दातखीळच बसली. माझ्या तोंडून तो शब्दच येईना, बाबा! ती वाट बघत राहिली. आणि मग खोटं बोलली, माझ्यासाठी... आणि मी इतकी वर्षं तिच्या जागेवर बसून स्टिकर चिकटवतोय!"

तो तिथेच, चिखलात, मोठ्या माणसासारखा मोठा माणूस, लहान पोरासारखा रडू लागला.

बाबांचा चेहरा ओळखू येईना. त्यांनी ताईकडे बघितलं. कपाळावरचा कालचा काळा डाग, सोललेली बोटं, चिखलाने भरलेली बाही... जणू मधली सगळी वर्षं त्यांना तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

"तू बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली. "तुम्ही सरळ बसस्टॉपवर जाऊन उभे राहिलात."

बाबा खाली वाकले. तो कुरकुरणारा गुडघा वाकवून त्यांनी चिखलातला पाना उचलला, आपल्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या पोटावर पुसला, अगदी स्वच्छ पुसला, आणि तिच्यापुढे धरला.

"कुठले टायर, बाई?" ते म्हणाले. "तू सांग."

"आहेत तेच," ताई म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

"मग उभी काय राहिलीस? नावनोंदणीचं टेबल बंद होईल!" बाबा भिजत, लंगडत, छत्री विसरून टेबलाकडे निघाले. तिथल्या माणसाने वैतागून कागद वर केला तसे ते खेकसले, "चालक बदललाय, लिहा. माझी मुलगी चालवणार. अहो, बघताय काय, लिहा!"

धाकट्याने दारावरचा स्टिकर नखाने खरवडायला घेतला. ताईने त्याचा हात झटकला. "राहू दे तो! वेळ नाहीये. कागद घेतलास का?"

"कागदावर आकडे आहेत. मी तोंडानेच सांगतो."

पट्टे आवळले, झेंडा पडला, आणि गाडी चिखलाचे फवारे उडवत सुटली. किती वर्षांनी! स्टिअरिंग पुन्हा तिच्या हातांत होतं. पुढच्या काचेवर पाऊस पुन्हा कोसळू लागला होता. खोल खाचांचे टायर चिखल चावत होते.

"बाबा घोरतात!" धाकटा ओरडला. तिने पाय दाबला.

"शेजारीण दारात... सांभाळ, सांभाळ! आत्या बोलतेय, डावीकडे, अजून बोलतेय, अजून..."

मग ते झाड दिसलं. त्याच्या बुंध्यावर जुना ओरखडा होता. गाडी वेगात होती, रस्ता दिसत नव्हता, आणि शेजारी एक क्षण काहीच आवाज आला नाही. ताईने ब्रेकवर पाय नेला नाही. यावेळीही ती थांबली... त्याच्यासाठी.

"आई!" धाकट्याचा आवाज फाटला, चिरकला, सगळ्या गाडीत भरून राहिला. "आई रागावली, ताई! उजवीकडे! आई रागावली!"

गाडी गर्रकन फिरली. झाड खिडकीजवळून निघून गेलं, आणि पुढचा सगळा रस्ता ती दोघं एकाच वेळी रडत आणि हसत होती.

त्यांचा नंबर कुणी विचारू नये. साधे टायर लावलेले बरेच जण वाटेत रुतून बसले म्हणून शेवटचा आला नाही, इतकंच! शेवटच्या रेषेशी बाबा तस्सेच भिजत उभे होते. ताई गाडीतून उतरली तेव्हा त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं.

"दुसरा गियर उशिरा टाकतेस," ते म्हणाले.

मग सामान भरलं, लोखंडी पिंजऱ्यामागे अंग चोरून, मांडीवर एक टायर घेऊन धाकटा बसला. बाबांना बस धरायची असेल तर फाटकाबाहेरच स्टॉप होता. ताई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिली. तिला मान वळवायचा धीर होईना.

शेजारचं दार उघडलं. आधी छत्री आत आली, मग तो हट्टी गुडघा, जपून, तिरका करून, आणि मग चिखलाने लडबडलेले दोन बूट तिने नुकत्याच घासूनपुसून टाकलेल्या मॅटवर थप्पकन पडले.

"अहो बाबा!" ताई कडाडली. "पाय झाडून बसायला काय होतं हो तुम्हाला? आत्ता धुतलेली मॅट! या घरात एकाला तरी..."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तोच आवाज, तोच हात कमरेवर... त्यांनी मागे वळून धाकट्याकडे बघितलं. दोघांचेही डोळे भरले होते.

"आई रागावली," बाबा हळूच म्हणाले, आणि दाराबाहेर पाय काढून, एकेक करून, निमूटपणे बूट झाडू लागले.