दानीचा डावा डोळा

दानी पावलं टाकायला लागली, तेव्हा जगदेवीच्या ध्यानात आलं की पोरीचा डावा डोळा उजव्याहून बारीक आहे. न्हाऊ घालून उन्हात बसवली, की उजवा लख्ख उघडा आणि डाव्याची पापणी अर्ध्यावर.

"लेकराचं तोंड भरायचं हाय अजून," सासू भागम्मा म्हणाली. "काजळ जाड घाल. दिसायचं न्हाई."

जगदेवी काजळावर भागवणारी नव्हती. नवरा वीरभद्रप्पा गावातच, राजेश्वरात, कापडाचं दुकान चालवायचा. त्यानं एक दिवस दुकान बंद ठेवलं आणि दोघं पोरीला घेऊन हुमनाबादवरून मोटारीनं बिदरला गेली.

डॉक्टर हैदराबादेत शिकून आलेले. त्यांनी मेणबत्ती इकडंतिकडं हलवली, पापणी उचलून पाहिली.

"आँख अच्छी है. नुसती आळशी झालीय," ते म्हणाले. "चांगला डोळा रोज दुपारी पट्टीनं झाका. मग ह्याला काम करावंच लागेल."

जगदेवीनं काळ्या साटिणीची पट्टी शिवली. पहिल्या दिवशी दानीनं रडून घर डोक्यावर घेतलं. मग मात्र पट्टी बांधली की ती गप्प व्हायची. एरवी अंगण सरळ ओलांडणारी पोर आता मधोमध आली की वळसा घ्यायची. दिसत नसेल धड, म्हणून जगदेवी स्वतः तिथं जाऊन उभी राहिली.

"ये गं माझी बाई."

दानी आली. पण आईच्या पायाशी न येता शेजारी, हातभर अंतरावर थांबली आणि वर बघून हसली.

"माझ्याकडं येतच न्हाई ओ," जगदेवी नवऱ्याला म्हणाली. "बाजूला जाऊन हसायलीय."

"डोळा शिकायलाय अजून. नेम चुकायलाय."

हे तिला पटलं. खात्री करावी म्हणून तिनं दुसऱ्या दुपारी पट्टी बांधून तळहातावर गुळाचा खडा धरला. दानीनं तो अचूक उचलला. हात बदलला, तरी अचूक. नेम कुठंच चुकत नव्हता.

गूळ घेऊन दानी वळली. मोकळ्या जागेकडं हात उंच केला.

"घे, अव्वा."

अव्वा, म्हणजे आई, ती फक्त जगदेवीला म्हणायची.

"पट्टी नको आता," त्या संध्याकाळी जगदेवी म्हणाली.

"कामून? किती उघडलाय डोळा, बघ की," वीरभद्रप्पा म्हणाला. "आता सोडलं तर पुन्हा मिटंल. जन्मभर पोरगी आपल्यालाच बोल लावंल."

तो खोटं बोलत नव्हता. डोळा खरंच उघडत होता. जगदेवी रोज पट्टी बांधत राहिली, आणि बांधताना पोरीकडं बघायचं टाळू लागली.

ज्वारीची कणसं भरली तोवर दोन्ही डोळे सारखे झाले. भागम्मानं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. वीरभद्रप्पानं शेजारपाजारी पेढे वाटले. जगदेवीनं पट्टी चुलीत घातली. साटीण जळून राख होईपर्यंत ती चुलीपुढून उठली नाही.

दुसऱ्या दुपारी ती आत उशीला अभ्रा शिवत बसली होती. दानी अंगणात खेळत होती. तिचा आवाज थांबला, म्हणून जगदेवी उंबऱ्यात आली.

"दानी?"

दानीनं मान वळवली. परक्या बाईकडं बघावं तसं दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग मान फिरवून तिनं समोर दोन्ही हात वर केले.

झबलं काखेपाशी आत दबलं.

टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

जगदेवी धावली. पोरीला कमरेशी धरून ओढलं. पोर लगेच हाताला आली नाही. दुसऱ्या बाजूनं कुणी घट्ट धरून ठेवावी, तशी राहिली. मग एकदम सुटली.

जगदेवीनं तिला छातीशी आवळलं आणि घरात आणून कडी लावली. दानी तिच्या खांद्यावरून दाराकडं हात करून हमसून रडत होती.

तिला उगी करताना जगदेवीच्या हाताला झबलं गार लागलं. दोन्ही काखांशी ओल्या बोटांचे ठसे होते, धुणंभांडी करता करता उठून आलेल्या बाईच्या हातांचे असावेत तसे.

जगदेवीचे हात कोरडे होते.