सत्ताविसावं मशीन

"माझ्या नवऱ्याला मारणाऱ्याचं नाव तुमच्या कागदावर यायला अजून किती दिवस लागणार आहेत, मॅडम?"

फोनवरचा आवाज रडका नव्हता. तसा असता तर निरीक्षकबाईंना सोपं गेलं असतं. विजेचा धक्का लागून माणूस गेला की विद्युत निरीक्षकाला तपासाला जावं लागतं, आणि तीस वर्षांत रडणाऱ्यांची त्यांना सवय झाली होती. ही बाई मात्र सकाळी दहाच्या ठोक्याला फोन करत होती. आज अकरावा दिवस होता.

"आज येते, ताई," त्या म्हणाल्या.

खरं तर तपासायला काही उरलंच नव्हतं. गेलेला माणूस म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर. त्यांना जुन्या उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचा नाद होता. नाद कसला, वेडच. लोखंडी टोपाचे, लांब दांड्याचे, पाठीवर कापडी पिशवी लोंबणारे ते क्लीनर ते भंगारातून शोधून आणायचे, घासूनपुसून चालू करायचे आणि बैठकीत भिंतीशी रांगेने उभे करायचे. असे सव्वीस झाले होते. सत्ताविसावं मशीन लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून बायकोने भेट दिलं. मास्तरांनी ते सुरू केलं, एका ओढीत खोलीच्या टोकापर्यंत नेलं, आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी उभे असताना जागच्या जागी गेले.

ते मशीन मास्तरांच्या जिवलग मित्राच्या दुकानातून आलं होतं. हा मित्र विजेच्या मोटरींचं वाइंडिंग करायचा, म्हणजे जळालेल्या मोटरींत तांब्याच्या तारा नव्याने गुंडाळायचा. "वायर मी जोडली, चूक माझी," एवढंच तो पोलिसांना म्हणाला आणि त्यानंतर त्याने तोंडातून ब्र काढला नाही. त्याचा परवाना जाणार हे नक्की होतं. तुरुंगही चुकणार नव्हता.

तरी निरीक्षकबाईंचं पेन अडलं होतं. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं, असा त्यांचा खाक्या होता. इथे कबुली होती, पण पाहिलेलं काहीच नव्हतं.

मास्तरांच्या घरी सव्वीस क्लीनर शिस्तीत उभे होते. बाईंनी मुद्देमालाचं सील तोडून सत्ताविसावं मशीन आडवं केलं आणि फरशीवर मांडी घालून हँडलचे स्क्रू काढले. आत काय झालंय ते लगेच दिसलं. स्विचच्या स्क्रूखालची वायर निसटून हँडलच्या लोखंडाला टेकली होती. कापडी वेष्टणाच्या वायरीचं टोक उसवू नये म्हणून कोणीतरी ते गर्द तांबड्या दोऱ्याने बांधलं होतं. काज करावं तसे बारीक, सारखे टाके होते.

मग त्यांनी रांगेतली तीन जुनी मशीन उघडली. तिन्हींमध्ये हँडलच्या आत वायरीला एक जाडजूड गाठ मारलेली होती. वायरीला बाहेरून हिसका बसला तर तो गाठीपाशीच अडतो, स्क्रूपर्यंत पोचत नाही. सत्ताविसाव्यात गाठ नव्हती.

"या सव्विसांच्या वायरी कोणी जोडल्या?" बाईंनी विचारलं.

"निम्म्या ह्यांनी, निम्म्या त्याने," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ह्यांना शिकवलं त्यानेच."

"आणि ही?"

"दीड महिना हे त्याच्याच दुकानात होतं. ह्यांना कळू नये म्हणून मीच तिथे नेऊन ठेवलं होतं."

"शेवटचा हात कोणाचा?"

"त्याचाच. विचारा की त्यालाच."

"पिशवी नवी दिसते."

"मी शिवली." मास्तरीणबाईंनी पिशवीवरून हात फिरवला. पिशवीच्या शिवणीचा दोराही गर्द तांबडा होता. "जन्मभर मी ह्यांना भंगारवाला म्हणून हिणवलं, मॅडम. पाहुणे आले की या रांगेवर चादरी टाकायचे. हे काही बोलायचे नाहीत, पाहुणे गेले की चादरींच्या घड्या घालायचे. म्हटलं, एकदा तरी त्यांच्या आवडीचं..." त्यांनी पिशवीची सुरकुती सरळ केली. मग त्या म्हणाल्या, "त्या माणसाला मी भाऊ मानत होते. आता हे दार त्याला बंद आहे."

बाई तिथून थेट दुकानात गेल्या. वाइंडिंगवाला एका पंख्याची मोटर पुढ्यात घेऊन नुसता बसला होता. बाईंनी फळीवरचं एक रिकामं हँडल आणि हातभर वायर त्याच्यापुढे ठेवली.

"मशीन जोडलंत तसं जोडून दाखवा."

त्याने वायर सोलली आणि हँडलमधून ओवली. बोटांनी सरसर गाठ मारली, आवळली, आणि मगच वायरीचं टोक स्क्रूकडे नेलं. तिथे त्याचा हात थबकला.

"ही गाठ त्या मशीनमध्ये का नाही?"

"विसरलो असेन त्या दिवशी."

"किती वर्षं करताय हे काम?"

"अठ्ठेचाळीस."

"वायरीचं टोक कशाने बांधता?"

"टेपने."

"सुईदोरा आहे दुकानात?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. व्हार्निशने काळी पडलेली, तांब्याच्या तारांनी कापून जाड झालेली ती बोटं होती. त्यांच्यात सुई राहणं कठीण होतं.

"पोलिसांनी लिहिलंय ते तसंच राहू द्या, मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्यामागे रडणारं कोणी नाही. त्यातच भलं आहे."

"कोणाचं भलं?"

त्याने पंख्याची मोटर परत पुढ्यात ओढली.

"उद्या दहा वाजता मास्तरांच्या घरी या," बाई म्हणाल्या.

"वहिनी मला दारात उभं करणार नाहीत."

"मी करीन."

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी त्याला आत घेतलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. तो दाराशीच उभा राहिला. बाईंनी पोलिसांची फाइल मांडीवर घेतली. असं सांगणं त्यांच्या वाट्याला कधीच आलं नव्हतं. नेहमी त्या अहवाल टपालाने पाठवून मोकळ्या व्हायच्या.

"ताई, काल मी ह्यांच्याकडून एक हँडल जोडून घेतलं. ह्यांना गाठ टाळून ते जोडताच आलं नाही. विचार करायच्या आत हात गाठ मारून मोकळे झाले. म्हणजे तुमचं मशीन ह्यांनी जोडलेलं नाही."

"मग ह्याने कबूल कशाला केलं?"

"ते नंतर सांगते. ज्याने जोडलं त्याने काम शिकून केलंय. स्क्रू नीट आवळलेत, वायर नीट सोललीय. पण गाठ हँडलच्या आत असते, बाहेरून दिसत नाही. ती त्याला कोणी दाखवली नव्हती. आणि वायरीचं टोक त्याने टेपने बांधलं नाही, दोऱ्याने बांधलं. गर्द तांबड्या दोऱ्याने, काजाच्या टाक्यांनी."

मास्तरीणबाईंचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला.

"पण ते सगळं काढून टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "भावजींनीच सांगितलं मला, ह्यांना स्मशानात नेलं त्या दिवशी. म्हणाले, तुम्ही उघडू नका म्हणालात तरी मी तुमची वायर काढून नवी टाकली होती. म्हणून तर मी... माझा हात त्यात राहिलाच नव्हता, मॅडम. राहिला असता तर मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"काढलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुमचे टाके अजून तिथेच आहेत. काल मी पाहिले."

मास्तरीणबाईंनी दाराकडे पाहिलं.

"दीड महिना रोज दुपारी येत होत्या," वाइंडिंगवाला दारातूनच बोलू लागला. "ब्रश बसवायला शिकल्या, बेल्ट चढवायला शिकल्या, वायर सोलायला शिकल्या. गाठ तेवढी मी शिकवलीच नाही. ती वेगळी सांगायची गोष्ट आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही. हँडल बंद करून म्हणाल्या, भावजी, हे उघडू नका, सगळं माझ्या हातचं असू दे. मी मशीन चालवून पाहिलं. छान चाललं. उघडलं नाही." त्याने बाईंकडे पाहिलं. "चूक माझी म्हणालो, त्यात खोटं कुठे बोललो? चूक माझीच आहे."

"अकरा दिवस तुम्ही माझ्या शिव्या खाल्ल्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कोणावर तरी रागवायला हवं होतं, वहिनी. म्हटलं, माझ्यावर रागवा."

मास्तरीणबाई उठल्या. त्यांनी एक खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली आणि तो बसेपर्यंत तिची पाठ धरून उभ्या राहिल्या. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "माझं नाव लिहा."

"लिहिते. जोडणी तुमची, न उघडता दिलं ते ह्यांनी, आणि झाला तो अपघात. पाहिलं ते एवढंच आहे."

मास्तरीणबाईंनी मान हलवली. आता त्या रडत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"त्या सकाळी सात वाजता मी ते मशीन ह्यांच्यापुढे आणून ठेवलं. तुमच्यासाठी आहे, एवढंच म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन आले की सांगणार होते, हे मी केलंय. त्यांना वाटलं असेल नेहमीसारखं दोस्तानेच केलं. चाळीस वर्षांत एकदा मी त्यांच्या मशीनला हात लावला, आणि ते न कळताच गेले."

"कळलं होतं त्याला," वाइंडिंगवाला म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही चहा ठेवत होतात तेव्हा त्याने मला फोन केला होता. म्हणाला, पिशवी तर हिची आहेच, पण हे स्क्रूसुद्धा तुझ्या हातचे नाहीत रे. सगळं हिनेच केलंय, आणि मला वेड्याला काही सांगत नाहीये. हसत होता."

"खरंच?"

"खरंच, वहिनी."

मास्तरीणबाईंनी त्याचा चेहरा निरखून पाहिला. आपल्याला वाचवायला हा माणूस काय काय बोलू शकतो, हे त्यांना आताच कळलं होतं. त्या बाईंकडे वळल्या.

"मॅडम, पोलिसांनी ह्यांच्या फोनची यादी काढलीय ना? आहे का त्यात?"

यादी फाइलीतच होती. बाईंनी ते पान काढलं. आदल्या संध्याकाळच्या एका कॉलनंतर पान कोरं होतं. त्या सकाळी मास्तरांनी कोणालाही फोन केला नव्हता.

बाईंनी पानावर बोट ठेवलं आणि जरा वेळ तसंच राहू दिलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "सात वाजून दहा मिनिटांनी. चार मिनिटं बोललेत."