एक फरशी पोकळ

जळकोटच्या भीमनगरातलं आपलं बंद घर प्रीतीनं सहा वर्षांनी उघडायला घेतलं, तर कुलूप आधीच काढलेलं! दार नुसतं लोटलेलं. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन ती आत शिरली, तर पुढच्या खोलीत एक उंचापुरा तरुण भिंतीला कान लावून उभा. बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करत होता.

"कोण हो तुम्ही?"

"श्शऽ…" मागं न बघताच तो म्हणाला. "एक मिनिट. ऐकू द्या जरा."

आता बोला! घर हिचं, आणि गप्प बसायला सांगणारा तो. आणि ही बया खरंच गप्प बसली, याचा राग तिला पुढं दोन दिवस येत राहिला.

"भिंत कुठंच फुगली न्हाय. लई भारी भिंत आहे," म्हणत तो वळला. आधी चप्पल पाहिली, मग चप्पल धरणारी. "तुमी… मच्छिंद्रकाकांची पोरगी व्हय? आपल्या उपकेंद्रात सिस्टर म्हणून आल्यात त्या?"

"आणि तुम्ही?"

"राजपाल. तुमी गेल्यावर आलो इथं ऱ्हायला. फरशी बसवायचं काम करतो. न् ढोलक वाजवतो."

"मग ढोलक सोडून माझी भिंत का वाजवताय?"

तो हसला. हसला तो हसला, आणि वर मान खाली घालून कान खाजवला. प्रीतीला वाटलं, चोर असा लाजत नसावा.

उलगडा शेजारच्या भिमाबाईंनी केला. प्रीतीचे वडील मच्छिंद्र बनसोडे भीमनगरच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. ते गेले, आणि आई प्रीतीला घेऊन धाराशिवला मामाकडं गेली, तेव्हा जाताना आईनंच दुसरी किल्ली भिमाबाईंच्या हातात ठेवली होती. 'तालमीला खोली असू द्या' म्हणून. तेव्हापासून भीमजयंतीची गाणी याच खोलीत बसायची. आई हे लेकीला सांगायलाच विसरली होती.

"तुझ्या बापाचा आवाज या भिंतीनं ऐकलाय बाई," भिमाबाई म्हणाल्या. साठी उलटली तरी बाईंचा गळा असा खणखणीत, की साधं बोलल्या तरी गल्ली ऐकायची. "इथं गायलं की आवाज गोल येतो. दुसरीकडं नुसता पसरतो."

प्रीतीनं मान हलवली. पण तिला राहायला घर हवं होतं. खाली नवी फरशी, भिंतींना छातीपर्यंत चकचकीत टाइल्स, हे तिनं मोबाइलमध्ये चित्रं बघून कधीच ठरवलं होतं. आणि फरशी बसवणारा गावात एकच नावाजलेला, तो कोण, हे सांगायला नकोच.

"खालची बसवतो," राजपाल म्हणाला. "भिंतीला मात्र नको, सिस्टर. टाइल्स लावल्या की खोली खणखण करंल. गाण्याचं वाटोळं होईल."

"मला इथं गायचं नाही, राहायचंय. आणि मला सिस्टर म्हणू नका!"

"सगळं गाव म्हणतंय की."

"गावानं म्हणावं. तुम्ही नको."

हे आपण का म्हणालो, ते प्रीतीला कळेना. त्यालाही कळलं नसावं, कारण त्यानंतर त्यानं तिला हाक मारायचंच सोडलं. "आवो…" एवढं म्हणायचा आणि ती बघेपर्यंत थांबायचा.

काम सुरू झालं. मार्चचं ऊन मी म्हणत होतं. खोलीत मालाचे ढीग, म्हणून पार्टी संध्याकाळी अंगणात बसायला लागली. विहाराच्या स्लॅबचं काम निघालेलं, जाणार कुठं! पेटी, झांज, चार-सहा बायका, आणि दिवसभर फरशी बसवून हात धुऊन ढोलकावर बसणारा राजपाल. प्रीती उपकेंद्रातून यायची ती थेट या गोतावळ्यात. पहिल्या दिवशी उंबऱ्यात उभी राहिली, दुसऱ्या दिवशी सतरंजीच्या कडेला टेकली आणि तिसऱ्या दिवशी भिमाबाईंनी तिच्या हातात खंजिरी कोंबली.

"मला नाही येत हो!"

"मच्छिंद्रची लेक, न् येत न्हाय? वाजव गुमान."

वाजवली. दर खेपेला पाऊण पाऊल मागं. बायका हसून बेजार. राजपाल मात्र हसला नाही. त्यानं ढोलकाची लय हळू केली, इतकी हळू, की तिची खंजिरी आपसूक ठेक्यावर आली. पेटीवाले कावले, "अरं, झोपलास का काय?" तर हा म्हणतो, "उकडतंय!" त्या दिवशी प्रीतीनं स्वतःसाठी दोनदा ताट वाढून घेतलं. पहिल्यांदा वाढलेलं ताट ती ओट्यावरच विसरली होती.

आठ दिवसांचं काम, तीन आठवडे झाले तरी संपेना. एक ओळ बसवायची, पुन्हा उचकटायची. "लेव्हलमध्ये न्हाय." एकदा तिनं जवळ उकिडवं बसत विचारलंच.

"सगळी फरशी सारखीच दिसते मला. तुम्हाला कसं कळतं?"

"दिसून न्हाय कळत. ऐका." त्यानं पेरानं एका फरशीवर ठोकलं. टक्. "ही भरीव. खाली सगळा सिमेंटचा माल बसलाय. आता ही…" बद्द. "आली का ऐकू? पोकळ. आज दिसायला झकास, पण पाय पडून पडून एक दिवस तडकणार."

तिनं ठोकून पाहिलं. पुन्हा ठोकलं.

"असं न्हाय, पेरानं." तो तिचं बोट धरायला पुढं झाला… आणि स्वतःच्या सिमेंटच्या हाताकडं बघून थांबला. "पेरानं," एवढंच पुन्हा म्हणाला.

"तुमच्या हातून कधी पोकळ राहिली?"

"आजवर एक बी न्हाय."

हा एवढा वेळ लावतोय, तो माझ्यासाठी की या खोलीसाठी? प्रीतीच्या डोक्यात नुसता गुंता. घर पुरं झालं की भिंतीला टाइल्स लागणार, तालीम बंद होणार. म्हणून तर नाही ना रेंगाळत? ती खंजिरी, ती हळू केलेली लय… बापाच्या लेकीला गोड बोलून खोली राखायची, एवढंच असलं तर? पेशंटची नाडी बघून ताप सांगणाऱ्या या पोरीला स्वतःला काय झालंय ते सांगता येईना.

तशात धाराशिवहून आईचा फोन. रविवारी लातूरचे पाहुणे प्रीतीला बघायला येणार. मुलगा सरकारी नोकरीत, माणसं चांगली. "घर आवरून ठेव. मी शनिवारी येते."

तिनं हे राजपालला सांगितलं, तेव्हा तो खिडकीखालची शेवटची ओळ लावत होता.

"रविवारच्या आत खालची फरशी व्हायला हवी. पाहुणे येणारेत. मला… बघायला."

रबरी हातोडी हवेतच राहिली. मग खाली आली. "बरं," तो म्हणाला.

बरं? नुसतं बरं? प्रीतीच्या अंगाचा तिळपापड झाला. "रविवारनंतर काय करणार तुम्ही?"

"तालीम. खोली दिली तर."

घ्या! निघालं ना तोंडातून!

"नाही मिळणार खोली," ती म्हणाली. "सोमवारी भिंतीला टाइल्स लावायच्या."

"बरं," तो पुन्हा म्हणाला. शनिवारी काम संपवून, खोली पुसून गेला. चहा ठेवला होता, तो घेतला नाही. तो चहा प्रीतीनं मोरीत ओतला आणि मग उगीचच रडली.

रविवारी पाहुणे आले. वाऱ्याला बरं म्हणून आईनं मुलाच्या मामांची खुर्ची खिडकीखाली मांडली. पोह्यांना हातभार लावायला भिमाबाई आल्या होत्या. मुलगा शांत, नीट बोलणारा. त्याच्यात नाव ठेवायला काही सापडेना, याचाच प्रीतीला राग येत होता.

मामा घरं बांधायची कामं घ्यायचे. सवयीनं त्यांनी हातातली काठी फरशीवर आपटली. टक्, टक्, टक्… बद्द.

"ही एक पोकळ आहे बरं का, वहिनी. कोण मिस्त्री?"

"राजपालची फरशी न् पोकळ?" भिमाबाई ताट घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "उगं काय तरी! आख्ख्या तालुक्यात विचारा."

मामांनी पुन्हा काठी टेकवली. बद्द. भिमाबाईंनी ताट आहे तिथंच टेकवलं.

प्रीती मात्र त्या फरशीकडं बघत राहिली. तीच ती. 'मला बघायला येणारेत' हे ज्या वेळी सांगितलं, त्या वेळची. 'आजवर एक बी न्हाय,' हे त्याचं बोलणं तिला आठवलं.

"तुम्हाला काही विचारायचंय का?" मुलानं विचारलं.

"विचारायचंय," ती म्हणाली, "पण तुम्हाला नाही. रागावू नका. तुमच्यात काही कमी नाही हो. माझंच मन इथं नाही… आणि कुठं आहे ते मला आत्ता कळतंय. म्हणजे, कळल्यासारखं वाटतंय."

मुलगा बिचारा समजूतदार निघाला. "मग आधी ते विचारून या," म्हणाला आणि पोह्याची बशी खाली ठेवली. आईचा चेहरा बघायची हिंमत प्रीतीला झाली नाही. पायात चप्पल सरकवली आणि ती निघाली.

विहारासमोर लिंबाखाली राजपाल एकटाच ढोलकाची दोरी आवळत बसला होता. तिला पाहून उठला.

"आवो…"

"खिडकीखालची फरशी पोकळ आहे."

त्यानं आवळलेली दोरी सैल सोडली.

"चुकून राहिली की मुद्दाम ठेवली?"

"चुकून," तो म्हणाला. मग थांबून, खाली बघत, "माल कमी पडला. तुमचं बोलणं ऐकून ध्यान उडालं माझं. पण ठोकून बघितली तेव्हा ऐकू आलं मला. काढायला पायजे होती. न्हाय काढली. ते मात्र… मुद्दाम."

"का?"

"वाटलं, चार-सहा महिन्यांनी तडकंल. तुमी बोलवाल. तेवढंच एकदा येणं होईल."

"आणि मी तोवर लातूरला गेले असते तर?"

"तेच तर! ते डोक्यातच आलं न्हाय. रात्रभर हसू का रडू कळंना मला."

प्रीतीला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "आणि खोली? खोलीसाठी नव्हतं ना हे सगळं?"

"खोली भिमाबाईंनी मागायची. मी… मी तालमीला मळ्यात बसंन, पत्र्याखाली बसंन. मला खोली नको, प्रीती."

पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं. घेतल्यावर आपणच दचकला.

"भिंतीच्या टाइल्स उद्या दुकानात परत करा," ती म्हणाली. "भिंत आहे तशीच राहणार. तिथं माझे अप्पा गायलेत. आता तुम्ही सगळे गा. माझी खंजिरी मागं राहील, तेवढी सांभाळून घ्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजपाल छन्नी-हातोडी घेऊन दारात आला. पार्टी खोलीत जमली होती, पण पेटीला कुणी हात लावेना. कारण आई खिडकीखाली, नेमक्या त्याच फरशीवर खुर्ची टाकून बसली होती. कालपासून लेकीशी एक शब्द बोलली नव्हती.

"काकू… जरा उठता का? पोकळ राहिलीय ती."

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग नवऱ्याचा आवाज ऐकलेल्या त्या भिंतीकडं पाहिलं.

"आज नको," ती म्हणाली. "पोरगी मागायला असं छन्नी-हातोडी घेऊन येतात होय रे? रविवारी आईला घेऊन ये, रीतीनं. तुझी खुर्ची मी इथंच मांडते, या फरशीवर. तडकली, तर तूच बदलायची. जन्मभर."