एका दुपारचं वर्ष

कोल्हापूरहून चिलीतलं सान्तियागो आता वीस मिनिटांवर आलं होतं. पूर्वी या सोळा हजार किलोमीटरच्या प्रवासात दोन दिवस मोडायचे. चुणीविमानं आली आणि लोक ते विसरूनही गेले. सुलभाबाई इंगवल्यांचा विश्वजित तिथल्या वेधशाळेत नोकरीला होता. वडील गेल्यापासून तो दर महिन्याला एका रविवारी आईकडे जेवायला यायचा आणि संध्याकाळी बायकोमुलीकडे परतायचा. बाकीचा महिना सुलभाबाई त्या दुपारच्या आशेवर काढायच्या. घरात बोलायला दुसरं होतं कोण?

त्या रविवारी त्या त्याला विमानतळावर सोडायला गेल्या. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी सहज विचारलं, "हे तुमचे भाऊ का?"

विश्वजित चाळिशीचा होता. पण दोन वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते, गाल ओघळले होते, जिना चढताना तो गुडघा धरायचा. "कामाचा ताण गं," म्हणून विषय टाळायचा. या खेपेला मात्र सुलभाबाईंनी हट्टानं त्याचं रक्त तपासायला दिलं होतं.

काही दिवसांनी डॉ. रेवती सोमणांनी त्यांना बोलावून घेतलं. शरीर म्हातारं कसं होतं, यावर त्यांचं संशोधन चाले.

"काकू, आजार काही नाही. पण त्यांच्या शरीराचं वय चौसष्ट आहे."

सुलभाबाई स्वतः पासष्टच्या होत्या.

"साडीच्या निऱ्या घालताना दोन कडा जवळ येतात, पण मधलं कापड कुठे जात नाही ना? चुणीविमान अंतराला तशीच चुणी पाडतं. बाहेरच्या घड्याळात वीस मिनिटं जातात, पण चुणीतला काळ प्रवाशाच्या शरीराला जगावाच लागतो. जाताना सहा महिने, येताना सहा. गाढ झोपवलेलं असतं, त्या झोपेत केस-नखं वाढत नाहीत, म्हणून कळत नाही. क्वचित जाणाऱ्याला तर मुळीच नाही."

"म्हणजे माझ्याकडे एकदा जेवायला यायचं तर…"

"एक वर्ष."

"मग मीच जाऊन राहते की तिकडे."

"तुमचं हृदय ती झोप सोसणार नाही, काकू."

"पूर्वीसारखं, दोन दिवस लावून?"

रेवतीबाईंनी नकारार्थी मान हलवली. जुनी विमानं केव्हाच मोडीत निघाली होती. सावकाश जायची सोय आता जगात उरली नव्हती.

घरी येऊन सुलभाबाईंनी पडद्यावर त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो जराही दचकला नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"वर्षभर झालं. इथंही तपासून घेतलं होतं."

"आणि तरी येत राहिलास?"

"तू दुपारभर हसतेस, आई. आणखी कोण आहे तुला तिथं?"

एक दुपार, फक्त एकच, एवढं मागायला सुलभाबाईंची जीभ वळवळत होती.

"यापुढे यायचं नाही."

"शेवटचं एकदा?"

"नाही. तुझी पोर अजून सहा वर्षांची आहे."

"आणि तुला काही झालं तर?"

"मी गेले तरी यायचं नाही. तिथूनच नमस्कार कर."

पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्या चेहऱ्यानं, लहानपणी आई रागावली की हलवायचा तशी, मुकाट्यानं होकारार्थी मान हलवली.